माझं पातळ नेसलेली हडळ

पडद्यावर मुंग्या आल्या की आम्ही टीव्हीला थापट मारायचो. आधी डोक्यावर, मग कुशीत. तरीही नाही हटल्या तर कुणीतरी कौलांवर चढून अँटेना पिरगाळायचं आणि खालून सगळे ओरडायचे, ‘आलं, आलं, गेलं.’ आता माझी नात मुक्ता सांगते की त्या मुंग्या हल्ली मुद्दाम घालतात.

शिमग्याला आली आहे ती, पुण्याहून. मी ओटीवर फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, चिरत बसले होते, हाताला तेल, विळीला तेल. हिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. तिच्या कॉलेजातल्या पोरांनी सिनेमा केलाय. तीन भुतांच्या तीन गोष्टी, आणि मधे मधे कोट घातलेला एक किडकिडीत मुलगा टेबलामागे बसून बोलतो, जणू काही मध्यरात्रीनंतरचा टीव्हीचा कार्यक्रम लागलाय. चित्र थरथरतं, रंग ओघळतात, आडव्या रेघा वर चढत जातात.

“फोन बिघडला गो तुझा,” मी म्हटलं.

“नाही गं आजी. मुद्दाम आहे ते. जुन्या टीव्हीसारखं दिसायला.”

“म्हणजे बिघाड मुद्दाम केलाय.”

“हो. त्याला पण मेहनत लागते.”

मला ते लगेच पटलं. बिघाड आपोआप होतो यावर माझा कधीच विश्वास नव्हता. दूध नासलं तर ते कुणीतरी नासवलेलं असतं. मांजर आडवं गेलं तर ते कुणीतरी पाठवलेलं असतं. आणि नवरा शिमग्याला आला नाही तर त्याला कुणीतरी अडकवलेलं असतं.

“असला सिनेमा मी बघितलाय,” मी तेलाचा हात पदराला पुसत म्हटलं. “तुझा बाप चड्डीत होता तेव्हा. त्यातल्या भुतानं माझा संसार मोडत आणला होता.”

मुक्ता हसली. पोरींना वाटतं भीती त्यांच्या पिढीनं शोधून काढली.

आमच्याकडे शिमगा डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतो. शेतात भाजवळ पेटलेली असते, पालापाचोळ्याचा धूर सड्यावरून, वरच्या कातळाच्या माळावरून, सरपटत घरात शिरतो आणि अंथरुणांत बसतो. खाली पडलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस, थोडा दारूसारखा वास. तापलेल्या कातळाचाही एक वास असतो. तो सांगता येत नाही, पण अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेला कळतो. आणि या सगळ्यात एक दिवस मुंबईच्या एसटीतून उतरलेल्या चाकरमान्यांचा वास मिसळतो. डिझेल, सुगंधी तेल आणि घड्या न मोडलेले सदरे. आमची वाडी वेळणेश्वरच्या वर, सड्याच्या कुशीत. वर्षभर ती बायकांची आणि म्हाताऱ्यांची असायची. शिमग्याला एकदम पुरुषांचे आवाज यायचे आणि कुत्री गोंधळून भुंकायची.

ऐंशीनंतरच्या वर्षांतला तो एक शिमगा. एसटी आली, सगळे उतरले, माझ्या घरचे उतरले नाहीत. उतरले ते माझे चुलत दीर, नंदा भावोजी, गोधडीत गुंडाळलेली दोन खोकी कडेवर घेऊन. एकात टीव्ही, दुसऱ्यात व्हिडिओ.

“वहिनी, गणू येत नाय या खेपेला,” ते म्हणाले. “कामाचा लोड हाय.”

एवढं बोलून ते हसले. ते हसू मी तिथल्या तिथे पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

कारण काहीही झालं तरी ‘हे’ शिमगा चुकवणाऱ्यातले नव्हते. आमच्या वाडीच्या नमनात ते गौळण व्हायचे. नमनाच्या खेळात बाई नाचत नाही, बाईचं सोंग पुरुषच घेतो, हे मुक्ताला सुद्धा समजावून सांगावं लागलं. आमचे हे बारीक, उंच, मिशी काढली की चेहरा मऊ. लग्नाआधीपासून ते गौळण. पडवीत चादरीचा आडोसा करून मी त्यांना पातळ नेसवायची. “पोट आत घ्या,” म्हणायची, “गौळण एवढं जेवत नाय.” सफेदा, काजळ, लाली. आणि बाहेर मृदंगावर थाप पडली की मी उठून घरात जायची. चहा टाकायचाय, भाकऱ्या राहिल्यात, कारणांना तोटा नव्हता. खरं कारण एकच होतं, लाज. आपला नवरा लाली लावून मुरडतोय आणि शेजारच्या गावच्या बायका तोंडात पदर कोंबून हसतायत, हे कुणी बघायचं? मी चुलीपाशी बसून बाहेरचे घुंगरांचे चाळ ऐकायची आणि भाकरी जरा जोरानं थापायची. लग्न झाल्यापासून मी एकही नमन समोरून पाहिलं नव्हतं. स्वतःला फार घरंदाज समजायची मी तेव्हा. सातवी पास होते ना.

तर गौळण आली नाही. त्या वर्षी दुसऱ्या एका जाड्या पोराला पातळ नेसवलं, आणि मी चुलीपाशी बसून चाळ ऐकले तर ते चुकीच्या पायात पडत होते.

आता पातळाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा भाऊ पोफळीला, वीजघराच्या कॉलनीत राहायचा, तिथेच कामाला होता. वाडीतली वीज गेली की सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या, जणू मीच माहेरून बटण दाबलंय. त्यानं मला एकदा नायलॉनचं पातळ घेतलं. दुधी रंगाचं, त्यावर बारीक निळी फुलं. हाताला लागलं तरी कळू नये इतकं हलकं. मी ते एकदाच नेसले. विहिरीवर जाऊन आले, उगाच, घागर घरीच ठेवून. वाटेत हे उभे होते, दाढी करत, आरसा पेरूच्या झाडाला अडकवून. त्यांनी आरशात बघितलं. मला बघितलं की हनुवटीला, ते मला तेव्हा कळलं नाही.

ओटीवर माझी सासू. तिला आम्ही सगळे आये म्हणायचो. आये म्हणाली, “लांबनं पांढरंच दिसतंय गो. घोव जिता हाय तुजा. सवाष्णीनं असलं नेसू नये.”

झालं. त्यात दुसऱ्याच दिवशी चुलीतला निखारा उडून काठाला भोक पडलं. मी त्याला आतून गुलाबी ब्लाउजच्या कापडाचं ठिगळ लावलं, सुपारीएवढं. आणि गणपतीला हे आले होते तेव्हा पातळ त्यांच्याकडे दिलं. म्हटलं, मुंबईत रंगाऱ्याकडून डाळिंबी करून आणा. दिवाळीला विचारलं, तर म्हणाले, रंगारी गावाला गेलाय. रंगाऱ्याला पण गाव असतं, हे मी तेव्हा मान्य केलं.

नंदा भावोजींची बायको तारा, माझी जाऊ. भावोजी मुंबईला परतले, पण टीव्ही आणि व्हिडिओ ताराकडेच राहिले. आमच्या खोलगटात तेव्हा टीव्हीला नुसत्या मुंग्या दिसायच्या, म्हणून जो काही होता तो व्हिडिओच. संध्याकाळी वीज मंद, दिवा नुसता पेंगायचा. म्हणून खेळ दुपारी. जेवणं उरकली की ताराच्या माजघरात खिडक्यांना गोणपाटं बांधायची, दारं लावायची, आणि पंचवीस-तीस बाया-पोरं त्या उकाड्यात कोंबून बसायची. घामाचा, लसणीचा, गोणपाटातल्या जुन्या भाताचा वास. गोणपाटाला भोकं असायची, त्यातून उन्हाचे कवडसे पडद्यावर पडायचे. बाहेर टळटळीत दुपार, आत आम्ही शिवून घेतलेली रात्र.

कॅसेटा दोन-तीनच. त्यातल्या एकीवर हातानं लिहिलेलं, ‘प्रक्षेपण संपल्यावर’. भावोजी म्हणाले होते, ओळखीच्यांनी केलीय. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्याचा कॅमेरा पौषात रिकामा असतो, मुहूर्त नसतात, त्या दिवसांत. सुरुवातीलाच एक माणूस. टेबल, मेणबत्ती, प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. अंगात चकाकणारा कोट, खाली बहुतेक लुंगी असावी, कारण तो एकदाही उभा राहिला नाही. बातम्या देणाऱ्यासारखा तो सरळ आमच्याकडे बघून म्हणायचा, “नमस्कार. आजचं प्रक्षेपण संपलेलं आहे. तरीही ज्यांच्या घरी पडदा उजळलेला आहे, त्यांनी कृपया मागे वळून पाहू नये.”

आणि सगळं माजघर एकदम मागे वळायचं.

आये पहिल्या दिवशी पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाली, “हा मेला कवाधरनं माज्याकडंच बगतो हाय.” तिला वाटलं खरंच मुंबईतून कुणीतरी रात्रपाळीला बसून आम्हाला बघतोय.

पहिली गोष्ट कवळीची. सासऱ्याची कवळी रात्री वाटीतून उठून सुनेची भाकरी खाते. दुसरी एका रेडिओची, तो मेलेल्यांचीच नावं सांगतो. मधे जाहिरात पण. ‘आमच्या उदबत्तीचा वास फक्त जिवंतांनाच येतो. लावून खात्री करा.’ धूर सगळा मच्छर अगरबत्तीचा होता, रक्त कोकमाचं. वटवाघूळ छत्रीच्या कापडाचं. त्याची एक काडी बाहेर आलेली. आणि ती प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी तिन्ही गोष्टींत कुठे ना कुठे होतीच. कवळीच्या घरात, रेडिओच्या घरात, आणि तिसऱ्या गोष्टीत तर नळाशेजारी. हसावं इतकी गरीब कलाकुसर. पण दुपारच्या त्या शिवलेल्या रात्रीत पोरं रडायची, आणि मी पायाची बोटं लुगड्याखाली ओढून घ्यायची.

तिसरी गोष्ट नळावरच्या बाईची. चाळ, पहाट, पाण्याची रांग. रांगेच्या टोकाला एक बाई पाठमोरी उभी. पांढरं पातळ, केस मोकळे, तोंड कधीच दिसत नाही. तिची बादली कधी भरत नाही. कुणी विचारलं, “अहो, शेवट कोणाचा?” की ती म्हणते, “शेवट तुमचाच.” मग ती चालू लागते आणि विचारणारा तिच्या मागोमाग जातो.

ती चालू लागली, पातळाचा काठ फरशीवर लोळला, आणि मला ठिगळ दिसलं. सुपारीएवढं, काठाच्या आतल्या बाजूला, टाका माझा. आपला टाका बाईला अंधारात सुद्धा ओळखू येतो.

माझं पातळ. रंगाऱ्याकडे असलेलं.

तर भुताला घाबरायची माझी वेळ तिथेच संपली आणि दुसरीच भीती सुरू झाली. नवऱ्यानं बायकोचं पातळ दुसऱ्या बाईला नेसायला दिलं, याचा अर्थ लावायला सातवी पास असायची गरज नव्हती. शिमग्याला न येणं, कामाचा लोड, भावोजींचं हसणं, गावाला गेलेला रंगारी. सगळं कसं निऱ्यांसारखं एकावर एक बसलं. वाडीत अशी घरं होती, जिथं मुंबईला दुसरी चूल पेटली होती आणि इथली बाई शिमग्याला नवरा येईल म्हणून अंगण सारवत राहिली होती. त्यांच्याकडे मी कीव करून बघायची. आता लोक माझ्याकडे तसं बघणार.

आणि बघतच होते. रोज दुपारी मी ताराकडे जायची. पहिल्या दोन गोष्टी मला नको असायच्या. तारा न सांगता टेप पुढे पळवून तिसरी लावायची आणि माझ्याकडे असं मऊ हसून बघायची की मी तिच्याकडे पाठ करून बसायची. बाया सरकून मला पुढे जागा द्यायच्या. कुणी पाण्याचा तांब्या पुढे करायची. मी मनात म्हणायची, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मीच शेवटची. शेवट तुमचाच.

त्या बाईला मी एखाद्या स्थळासारखी तपासायची. हात लांब होते, काम केलेले. केस माझ्यापेक्षा दाट, याचा राग. पण सगळ्यात जास्त राग तिच्या चालीचा. डावा खांदा थोडा पुढे, काखेत घागर नसताना घागर असल्यासारखा हात, आणि दर चार पावलांनी पदर उगाच मागे टाकायचा. जशी काही वाटच तिच्या बापाची.

“चाल बघ तरी,” मी एकदा ताराला म्हटलं. “बदकीण मेली. आणि तोरा केवढा.”

ताराला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. मी तिच्या पाठीवर थोपटलं. मला वाटलं, बिचारी माझ्यासाठी रडते आहे.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण मी देवळात जाऊन कौल लावला. आमच्याकडे कठीण प्रसंगी देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण मनात प्रश्न धरायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लोक गाईचं विचारतात, लग्नाचं विचारतात, बोअर मारू का विचारतात. मी विचारलं, ‘देवा, ही बाई माझ्या घरात येणार का?’

बराच वेळ काही नाही. घंटेवर एक गांधीलमाशी बसली होती, ती उठली. आणि उजवी पडली. टपकन.

“काय विचारलंस गो?” गुरवानं विचारलं.

“गाय व्याली तर पाडी होईल का.”

“होईल, होईल,” तो म्हणाला.

देवळातून घरी येताना सडा तव्यासारखा तापला होता, पण माझे पाय गार. पुढचे किती तरी दिवस मी भांड्यांवर राग काढला. पोराला उगाच धपाटे दिले. आयेला वाटलं मला दिवस गेलेत.

वैशाखात हे आले. सदऱ्याचा वास घेतला, तर तेलाचा. खिसे उलटे केले, तर बडीशेप. बडीशेप का? आधी तर तंबाखू असायचा. बॅगेतून त्यांनी पोराला चेंडू काढला, आयेला चष्म्याची दोरी, आणि मला पातळ. डाळिंबी. सुरेख रंग धरला होता. मी काठ उलटा केला. ठिगळ तिथेच होतं, त्यानं रंग जरा वेगळा धरला होता.

“रंगाऱ्यानं वेळ लावला,” हे म्हणाले.

“रंगारी बाई आहे का?”

“काय?”

“काय नाय. जेवा.”

ते जेवले, आणि मध्येच मान वर करून मला विचारलं, “नंद्याकडची कॅसेट बघितलीस?” विचारताना त्यांचा आवाज कसा तरी लहान झाला होता. चोराचा होतो तसा.

“बघितली,” मी म्हटलं. “उद्या तुम्ही पण चला. सगळ्यांबरोबर बघू.”

त्यांनी मान हलवली, आणि घास तोंडात न घालता तसाच बोटांत धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वाडीतली एकूण एक बाई गोळा केली. आयेला हाताला धरून नेलं. यांना मधोमध बसवलं, आणि मी त्यांच्या बाजूला, पडद्याकडे नाही तर त्यांच्या तोंडाकडे तोंड करून. कोटवाला म्हणाला, मागे वळून पाहू नये. आज कुणीच वळलं नाही. सगळ्यांचे डोळे आमच्या दोघांवर. नळ आला, रांग आली, पांढरं पातळ आलं. यांच्या कपाळावर घाम. ती चालू लागली तशी मी उठले आणि पडद्यावर बोट ठेवलं. काच गरम होती.

“सांगा आता सगळ्यांसमोर,” मी म्हटलं. “माझं पातळ नेसून ही कोण सटवी चालते आहे?”

पडद्यावरची बाई माझ्या बोटाखालून चालत गेली.

“तुला... माहीत नाय?” हे म्हणाले.

मग आयेचा आवाज आला, मागून, शांत. “आगो बाय. पातळ तुजं, चाल तुजी, नि आत घोव पन तुजाच. सवत कुटनं काडलंस?”

आता कळतं की हे कुणालाही पहिल्याच दुपारी कळायला हवं होतं. आणि कळलंच होतं. सगळ्या वाडीला कळलं होतं. त्यांनी वर्षानुवर्षं समोर बसून गौळण पाहिली होती. चुलीपाशी मी एकटीच बसले होते. त्यांना वाटत होतं, नवरा शिमग्याला आला नाही म्हणून बिचारी रोज कॅसेटीत त्याला बघायला येते.

“माझी चाल?” मी एवढंच म्हटलं.

तर तारा उठली. डावा खांदा पुढे, काखेत नसलेली घागर, चार पावलं, पदर मागे. मग तिच्या मागे दुसरी उठली. मग तिसरी. त्या कोंदट माजघरात, पाय ठेवायला जागा नाही अशा ठिकाणी, एकामागून एक सगळ्या बाया माझ्यासारख्या चालून दाखवू लागल्या. एक तर सत्तरीची, तिनं पदर असा टाकला की माझ्या आईला सुद्धा फरक कळला नसता. सगळ्या वाडीला माझी चाल पाठ होती. मला स्वतःची चाल दिसायचं काही कारणच नव्हतं. माणूस पुढे बघून चालतो.

हसून हसून गोणपाटं सुटली, खिडकीतून दुपार आत आली आणि पडदा पांढरा पडला. त्या उजेडात मी बघितलं, हे जागेवर नव्हते.

ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. मी गेले. सॉरी म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी रहाटाची दोरी सारखी करत उभी राहिले.

“कुणी बाई मिळेना,” ते पाण्याकडे बघत म्हणाले. “व्हिडिओत भुताचं काम कोण करणार? म्हटलं मी करतो, मला सवय आहे. पातळ पांढरंच पाहिजे होतं. ते होतंच माझ्याकडे.”

“शिमग्याला का नाय आलात?”

“लाज वाटली. नंद्या कॅसेट आणतोय कळलं. तू बघशील, आणि परत उठून आत जाशील.” ते कट्ट्यावरचं शेवाळ नखानं खरवडू लागले. “नमनाला तू नेसवतेस आणि आत जातेस. सगळा गाव समोर असतो आणि तुझी जागा रिकामी. म्हटलं, पडद्यावर तरी बघेल. मग वाटलं, नको.”

अशा वेळी माणूस नको तेच विचारतो. “पण माझीच चाल कशाला?”

“मग कुणाची?” त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. “बाई कशी चालते हे बघायला मला दुसरी कुठली बाई होती?”

हे वाक्य मी त्या रात्री आणि पुढे बरीच वर्षं उलटंपालटं करून तपासलं. सरळ बाजूनं ते फार सुंदर आहे. उलट बाजूनं त्यात ‘दुसरी असती तर’ असाही अर्थ निघतो. संशयी बाईला सुख असं पूर्ण घडीचं मिळत नाही, एक चुणी राहतेच. आणि देवानं सुद्धा कसं फसवलं बघा. ही बाई माझ्या घरात येणार का, म्हणून विचारलं, तर त्यानं खरं तेच सांगितलं.

पुढच्या शिमग्याला मी निऱ्या घातल्या, लाली लावली आणि चहाला दुसऱ्या कुणाला तरी बसवून खळ्यात पहिल्या ओळीत जाऊन मांडी घातली. डाळिंबी पातळ मीच नेसले होते, म्हणून त्यांना आयेचं दिलं. मृदंग वाजला. गौळण आली, डावा खांदा पुढे, आणि तिची नजर माझ्यावर पडली. आयुष्यात कधी न चुकलेला माणूस, तिथल्या तिथे पाऊल चुकला. संकासुराचं सोंग घेतलेल्यानं सावरून घेतलं. लोक हसले, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसले, तोंडाला पदर न लावता.

आता हे नाहीत. मुक्तानं ती कॅसेट माळ्यावर शोधली. ताराच्या पोरांनी व्हिडिओ भंगारात दिला तेव्हा ती माझ्याकडे आली होती. फितीवर बुरशी, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. रत्नागिरीत एक जण जुन्या लग्नांच्या कॅसेटा फोनवर घालून देतो, त्याच्याकडून तिनं करून आणली. काल ओटीवर बसून आम्ही बघितली. कवळी गेली, रेडिओ अर्धा गेला. कोटवाल्याचं तोंड बुरशीनं खाऊन टाकलंय, नुसता कोट बोलतो. सगळीकडे रेघा, ओघळ, मुंग्या.

“बघ आजी,” मुक्ता म्हणाली, “हे आम्हाला मुद्दाम करावं लागतं.”

तिसरी गोष्ट मात्र शाबूत होती. आणि ती रंगीत होती. आम्ही ताराच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर तिला जन्मभर पांढरी समजलो. पातळावर बारीक निळी फुलं होती. मी ती एकदाच नेसले होते आणि त्यांनी एकदाच, आणि इतक्या वर्षांनी ती फुलं ओलीच्या ओली.

हडळ चालू लागली. मी मुक्ताला म्हटलं, थांबव, परत दाखव. माझे गुडघे आता धरलेत. भिंतीला हात लावल्याशिवाय मी ओटीवरून माजघरात जात नाही, खांदा कुठे असतो आणि पदर कुठे, मला कळत नाही. विहिरीवर घागर न घेता उगाच जाऊन येणारी बाई या वाडीत कुणाला आठवत नाही. तारा गेली, आये गेली, माझी चाल पाठ असलेल्या सगळ्या गेल्या. ती शिल्लक राहिली या एका भुताकडे.

मुक्तानं परत लावलं. डावा खांदा पुढे, चार पावलं, पदर मागे.

“आजोबा काय मस्त चालायचे गं,” ती म्हणाली. “स्वतःची स्टाइल होती त्यांची.”

मी काही सांगायला गेले नाही. काही गोष्टी पोरींना आपल्या आपण कळू द्याव्यात. पडद्यावर तो बिनतोंडाचा कोट परत आला होता आणि मागे वळून पाहू नये म्हणून विनंती करत होता.

“चोर होता मेला तुझा आजोबा,” मी म्हटलं, आणि मागे वळून पाहिलं.